पुण्यातला फ्लॅट रेडिंगच्या घराला नडतो का? आणि घरखरेदीचे बाकीचे प्रश्न

या महिन्यात जवळपास सगळी पत्रं घराचीच आहेत. मी इंग्लंडमध्ये कन्व्हेयन्सिंगचं काम करते, म्हणजे घराचे कागद बघणं, त्यामुळे उत्तरंही तिथलीच. स्कॉटलंड आणि वेल्सवाल्यांनी टॅक्सचे आकडे इथून उचलू नका, तिकडचा हिशोब वेगळा आहे.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं रेडिंगला भाड्याने राहतो. साडेतीन लाख पौंडांचं घर बघितलंय, इथलं आमचं पहिलंच. सॉलिसिटरने विचारलंय की जगात कुठेही प्रॉपर्टी आहे का. मिस्टरांच्या नावावर कोथरूडला टू बीएचके आहे, लग्नाआधी घेतलेला, सध्या भाड्याने दिलाय. सांगायलाच पाहिजे का? इथे कुणाला कळणारे?

उत्तर: सांगायलाच पाहिजे. सॉलिसिटर तुम्ही दिलेलीच माहिती भरतो, स्टॅम्प ड्युटीच्या रिटर्नची जबाबदारी तुमची, आणि उद्या एचएमआरसीने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, विचारलं तर टॅक्स, व्याज, दंड सगळं तुमच्याच गळ्यात.

आता आकडे बघा. साडेतीन लाखांच्या घरावर, ज्याच्या नावावर जन्मात कधी कुठेच घर नव्हतं त्याला स्टॅम्प ड्युटी २,५०० पौंड. आधी घर होतं पण आता नाही, त्याला ७,५००. आणि आजही दुसरं घर आहे त्याला ७,५०० अधिक पूर्ण किमतीवर ५ टक्के, म्हणजे झाले २५,०००! हा जादाचा टॅक्स आधी ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ झाला. आणि दुसरं घर म्हणजे फक्त इथलं नाही, जगात कुठलंही, ४० हजार पौंड किंवा जास्त किमतीचं, रुपयांत ४५-५० लाख धरा, कोथरूडचा टू बीएचके त्याच्या किती पुढे गेलाय ते मी सांगायला नको.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग घर माझ्या एकटीच्या नावावर घेते ना!’ नाही चालत. नवराबायको एकत्र राहत असतील तर दोघांना एकच धरतात, म्हणजे फ्लॅट त्यांचा आणि २५,००० तुम्हालाही. इथलं घर ताब्यात यायच्या आधी फ्लॅट विकला तर तो जादाचा टॅक्स सुटतो, पण मिस्टर ‘फर्स्ट टाइम बायर’ नाहीतच, त्यामुळे दोघांच्या नावावर घेतलंत तर ७,५०० भरावेच लागतील. नंतर विकून रिफंड मागू म्हणाल तर तो फ्लॅट गेल्या ३ वर्षांत तुमचं राहतं घर असायला हवा, भाडेकरू ठेवून बरीच वर्षं झाली असतील तर ती आशा सोडा. वडिलांच्या मागे वारसाने घरात हिस्सा आलेल्यांनीही हे सांगायचंच, निम्मा किंवा कमी हिस्सा असेल आणि मिळून ३ वर्षं झाली नसतील तर ५ टक्क्यांसाठी तो धरत नाहीत, पण पहिल्या घराची सवलत जाते ती जातेच.

हे सगळं ऑफर द्यायच्या आधी विचारा हो. लोक मॉर्गेज मंजूर झाल्यावर येतात आणि मग १७,५०० पौंड कुठून आणायचे म्हणून माझ्यासमोर एकमेकांकडे बघत बसतात.

प्रश्न: डिपॉझिटसाठी बाबा नाशिकहून ३० लाख रुपये देतायत. सॉलिसिटर त्यांचा पासपोर्ट आणि बँक स्टेटमेंट मागतोय. बाबा भडकलेत, मी काय चोर आहे का म्हणतात.

उत्तर: बाबांना सांगा, हे फक्त त्यांनाच नाही, इथल्या गोऱ्या आजोबांनाही विचारतात. २०१७ च्या मनी लाँडरिंगच्या नियमांखाली पैसा कुठून आला हे बघणं सॉलिसिटरला बंधनकारक आहे. एफडी मोडली असेल तर एफडीची पावती आणि पैसे खात्यात जमा झाल्याचं स्टेटमेंट, जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि त्याचं भाषांतर. शिवाय गिफ्ट लेटर, की हे कर्ज नाही आणि घरात आमचा हक्क नाही. हे लेटर लेंडरलाही लागतं. या ओळीवर बाबा परत भडकतील, तेव्हा आईला पुढे करा.

तिकडची एक गोष्ट. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. म्हणजे ३० लाख एकट्या बाबांनी पाठवले तर २० लाखांवर ४ लाख आधी बाजूला ठेवावे लागतील. आईच्या खात्यात आईचे स्वतःचे पैसे असतील आणि दोघांनी १५-१५ पाठवले तर दोघांचे मिळून २ लाख. हे पैसे बुडत नाहीत, त्यांच्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये वळते होतात, तरी पाठवायच्या आधी तिकडच्या सीएला विचारा.

प्रश्न: आमची ऑफर मान्य झाली, सर्व्हेवर खर्च झाला आणि आता मालक १० हजार जास्त मागतोय. केस करता येईल?

उत्तर: नाही. आपल्याकडे विसार दिला की निदान भांडायला काहीतरी हातात असतं, इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे सह्या केलेले करार एकमेकांना देईपर्यंत, दोघंही मोकळे, कारण न देता मागे फिरू शकतात. एक्स्चेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट जातं, त्यानंतर मागे हटलात तर ते गेलं. त्याच दिवसापासून घराचा इन्शुरन्सही तुमच्या नावाने सुरू करा, कारण नेहमीच्या अटींप्रमाणे छप्पर उडालं तरी घर घ्यावंच लागतं.

प्रश्न: हॅरोमध्ये फ्लॅट आवडलाय, लीज ८१ वर्षं उरलीय. घ्यावा का?

उत्तर: लीज, म्हणजे फ्लॅट वापरायच्या हक्काची मुदत, ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवायचा खर्च एकदम चढतो, म्हणून विकणाऱ्याला सांगा की आधी वाढव नाहीतर भाव उतरव. पूर्वी फ्लॅट घेतल्यावर तुम्हाला हक्काने वाढवून घ्यायला २ वर्षं थांबावं लागायचं, ३१ जानेवारी २०२५ पासून ती अट गेली. सर्व्हिस चार्जचा ३ वर्षांचा हिशोब मागवा, आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा दोन-तीन हजार रुपयांचा मामला नसतो तो.

प्रश्न: सॉलिसिटरची ईमेल आली की आमचं खातं बदललंय, डिपॉझिट नवीन खात्यात टाका. टाकू?

उत्तर: अजिबात नाही! ईमेलमधल्या नंबरवरही फोन करू नका, पहिल्या पत्रावरचा ऑफिसचा नंबर काढा आणि तुमची केस बघणाऱ्या माणसाशी बोला. फ्रॉडवाल्यांना शुक्रवार आवडतो, कारण बऱ्याच जणांचं कम्प्लिशन, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात घेणं, त्या दिवशी असतं आणि सगळे घाईत असतात. पैसे मात्र आदल्या दिवशीच सॉलिसिटरकडे पोचवा, विकणाऱ्याच्या वकिलाकडे दुपारी २ च्या आत गेले नाहीत तर कागदोपत्री पुढचा वर्किंग डे धरतात, म्हणजे शुक्रवार असेल तर सोमवार, आणि टेम्पोवाला सामान भरून दारात उभा असतो. किल्ल्या सॉलिसिटरकडे मागायला येऊ नका, त्या इस्टेट एजंटकडे असतात.