सकाळी गाडी रुसते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की माझ्याकडे एकाच तक्रारीचे प्रश्न येऊ लागतात : दिवसभर नीट चालणारी गाडी सकाळी चालू होत नाही. मॉडेल, रंग, किती किलोमीटर पळाली, सगळं लिहिलेलं असतं. मात्र चावी फिरवल्यावर, म्हणजे सेल मारल्यावर, इंजिन फिरतं की नाही, हे निम्म्या पत्रांत नसतं. इंजिन फिरतच नसेल तर भानगड बॅटरी, वायर नाहीतर स्टार्टरमध्ये, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमध्ये. फिरतं पण पेट घेत नसेल, तर बॅटरीच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही.

चावी फिरवली की नुसतं टकटकटक वाजतं. दुपारी पहिल्या सेलला चालू. मेकॅनिक स्टार्टर बदला म्हणतोय. – माजलगाव

लगेच बदलू नका. भराभर टकटक वाजणं म्हणजे स्टार्टरला करंट पोचतोय, पण पुरेसा नाही. डॅशबोर्डचे दिवे लख्ख असताना एकदाच जोरात ‘टक’ होऊन सगळं शांत झालं असतं, तर स्टार्टरवर संशय घेतला असता.

बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनल, म्हणजे वायरी जोडतात ती टोकं बघा. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी निगेटिव्हची वायर काढा, मग पॉझिटिव्हची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथं बसते तो बोल्टही सोडून साफ करा. तिथं गंज असतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

मग मल्टीमीटर लावा. सकाळी गाडी चालू करण्याआधी १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, चार्जिंग देत नाही.

आपल्याकडे बॅटरीला खरा मार बसतो तो मे महिन्यात. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणून बोंब डिसेंबरात होते. झाकणाची बॅटरी असेल तर उन्हाळाभर पाण्याची पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी चुकूनही नको.

डिझेल गाडी. सेल जोरात मारते, पण पाच-सहा वेळा मारल्यावर भकाभका पांढरा धूर सोडत चालू होते. शेजारी म्हणतात डिझेल गोठतं. – परभणी

परभणीची थंडी मान्य, पण डिझेलला आरोपी करू नका. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हीटर प्लग, म्हणजे सेल मारण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग, तपासा. चावी ऑन केल्यावर पिवळ्या वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत सेल मारायचा नाही. बरेच जण चावी एका दमात फिरवतात आणि मग गॅरेज गाठतात.

थांबूनही फरक नसेल तर प्लगची वायर काढून, मीटर ओहमवर ठेवून प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यात मोजा. साधारण एखादा ओहम दाखवला तर प्लग जिवंत, काहीच दाखवलं नाही तर मेला. चारही एकदम मेलेले वाटले तर आधी रिले आणि फ्यूज बघा. जुना प्लग जोर लावून काढू नका. हेडमध्ये तुटला तर शंभराच्या कामाचे हजारो होतात.

प्लग ठीक असतील तर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा आणि लाइन कुठं हवा घेते का ते बघा. रात्रीतून डिझेल मागे उतरलं की सकाळी हीच लक्षणं दिसतात. आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे महाभाग अजून आहेत. त्यांना गाडीजवळ फिरकू देऊ नका.

नोकरी पुण्यात, गाडी गावाकडे. पंधरा दिवसांनी यावं तर बॅटरी उतरलेली. बॅटरी नवीनच आहे. – औसा

गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, अलार्म थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण हिशेब करा : दिवसाला १.२ अँपिअर-अवर, पंधरा दिवसांत १८. छोट्या गाडीची ३५ ची बॅटरी तेवढ्यात निम्मी रिकामी! मागाहून बसवलेला स्टिरिओ, ट्रॅकर किंवा डॅश कॅमेरा असेल तर आणखी लवकर.

गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग निगेटिव्हच्या वायरीत मीटर घालून करंट मोजा. मीटर लावलेला असताना सेल मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जास्त असला तर एकेक फ्यूज काढत चला. ज्याने आकडा पडेल, चोर त्याच लाइनवर. चोर नसेल तर पुण्याला जाताना निगेटिव्ह काढून ठेवा. घरच्यांनी अंगणात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने बॅटरी भरत नाही.

पेट्रोल गाडी. सकाळचा पहिला सेल वाया, दुसऱ्याला चालू. – जालना

चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, मागून पंपाची घूं ऐकू येईल. ऑफ करा, पुन्हा ऑन करा, मग सेल मारा. असं केल्यावर पहिल्या सेलला चालू झाली तर रात्रीतून पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर बघायला सांगा. फरक नसेल तर स्पार्क प्लग आणि कूलंटचा टेम्परेचर सेन्सर.

उसाच्या ट्रकच्या बॅटरीला वायरी जोडून कारला जंप स्टार्ट दिला तर चालेल का? – केज

नाही. मोठ्या ट्रकची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते, कारची १२. कंट्रोल युनिट जळेल. ट्रॅक्टर बहुधा १२ चा असतो, बॅटरीवर बघून खात्री करा. पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, मग ट्रॅक्टरचा निगेटिव्ह, आणि वायरचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नव्हे, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रमाने.