पगार कमी, म्हणजे महत्त्वाकांक्षा कमी?

प्रश्न: मुलगा संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाला. मोठ्या सल्लागार कंपनीची ऑफर हातात असताना तो साथीच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत जवळपास निम्म्या पगारावर जायचं म्हणतोय. शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय. त्याच्या वडिलांची नोकरी दोनदा गेली, ते दिवस मी विसरलेले नाही. मुलगा हुशार, पण अव्यवहारी. प्रोजेक्टचे मार्क लागल्यावरही आठवडाभर त्यातली एक चूक शोधत बसला होता! त्याला महत्त्वाकांक्षाच नाही का? – एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मार्क पदरात पडलेत, आता कोणी विचारणार नाही, तरी हा मुलगा आकडे का जुळत नाहीत म्हणून आठवडा घालवतो. याला महत्त्वाकांक्षा नाही असं मी तरी म्हणणार नाही. चांगली दणकट आहे. फक्त तिचा रोख पदाकडे आणि पॅकेजकडे नाही.

एडगर शाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेतल्या ४४ जणांच्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलाखती घेतल्या आणि दहा-बारा वर्षांनी त्यांनाच पुन्हा गाठलं. वाटा प्रत्येकाच्या वेगळ्या झाल्या होत्या. पण एकेकाने नोकरी का धरली, का सोडली हे विचारल्यावर त्या माणसाची कारणं फिरून फिरून तीच निघत. कुणाला आपल्या विषयात पारंगत व्हायचं होतं, कुणाला माणसं हाताळत वर चढायचं होतं, कुणाला स्थैर्य हवं होतं, कुणाला मोकळीक. शाइनने याला ‘करिअर अँकर’, म्हणजे करिअरचा नांगर, म्हटलं. ही यादी पुढे आठवर गेली आणि त्यात सेवाही आली. यातल्या पहिल्या प्रकारच्या माणसाला मॅनेजर केलं तर ती बढती त्याला शिक्षाच वाटू शकते: आवडतं काम सुटतं आणि मीटिंगा गळ्यात पडतात.

हा अँकर प्रत्यक्ष नोकरीत चार ठोकर खाल्ल्यावरच नीट कळतो, असंही शाइनचं म्हणणं. म्हणजे तुमच्या मुलाला स्वतःबद्दल आज जे वाटतंय तो अंदाज आहे. चांगला अंदाज, पण अंदाजच.

तुमचा अँकर मात्र मला स्पष्ट दिसतो. घरात येणारा पगार दोनदा थांबलेला ज्याने पाहिलाय, त्याच्या लेखी यश म्हणजे स्थैर्य. त्यात चुकीचं काहीच नाही. मुलाला ‘अव्यवहारी’ म्हणण्याऐवजी ते दिवस कसे काढले हे एकदा त्याला सविस्तर सांगा. मुलांना बहुतेक वेळा आईबापांचा आग्रह तेवढा माहीत असतो, त्यामागचा हिशेब नाही.

एक शंका मी अशा प्रत्येक वेळी घेतो. ‘समाजासाठी काम’ या गोंडस शब्दांआड कधी कधी स्पर्धेची धास्ती दडलेली असते. इथे तसं दिसत नाही, कारण कंपनीची मुलाखत देऊन, निवड होऊन मग तो नको म्हणतोय.

आता व्यवहाराचं. कर्जाचा हप्ता, राहण्याचा खर्च आणि अडीअडचणीची शिल्लक संस्थेच्या पगारात बसते का, हे त्याने स्वतः कागदावर मांडून तुम्हाला दाखवावं. संस्थेला विचारावं की प्रकल्पाचं अनुदान किती वर्षांचं आहे आणि ते संपल्यावर काय. शिवाय तिथे शिकवणारं वरिष्ठ संख्याशास्त्रज्ञ कोणी आहे का? हा एकटाच असणार असेल तर मी जाऊ नको म्हणेन, पगार कितीही असो. नव्या माणसाच्या चुका पकडणारं कोणीतरी लागतंच.

हप्ता बसतच नसेल, तर आधी कंपनीत जाऊन कर्ज फेडणं आणि मग संशोधनाकडे वळणं हाही रस्ता आहे. फक्त पगाराबरोबर खर्चही वाढतो, म्हणून किती रक्कम बाजूला पडली की सोडायचं, हा आकडा रुजू होण्याआधीच ठरवा.

कंपनीला होकार कळवायची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती जवळ आली असेल तर मुदतवाढीसाठी त्याला आजच ईमेल करायला सांगा.