वाचक विचारतात: तळ्यात बुडालेलं विमान एअरपोर्टवर कसं काय?

प्रश्न: मुलाकडे शिकागोला गेले होते. ओहेअर एअरपोर्टच्या टर्मिनल २ मधे एक जुनं लढाऊ विमान ठेवलंय. नातू म्हणाला, आजी हे तळ्यातून काढलंय. मला वाटलं फिरकी घेतोय. लढाई तर पॅसिफिकमधे झाली ना, मग विमान शिकागोच्या तळ्यात कसं पडेल? आणि पडलंच तर इतकं चकाचक कसं?
– एक आजी, सांगली

उत्तर: आजी, नातू खरं बोलला, त्याला एक लाडू जास्त द्या. ते ग्रुमन वाइल्डकॅट, अमेरिकन नेव्हीचं, मिशिगन तलावातूनच वर आलंय. तलाव म्हणजे रंकाळा डोळ्यापुढे आणू नका हां, पलीकडचा काठ दिसतच नाही, गोड्या पाण्याचा समुद्रच म्हणा. झालं असं की दुसऱ्या महायुद्धात पायलटना जहाजावर उतरायला शिकवायचं होतं पण खऱ्या विमानवाहू नौका लढाईवर आणि किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुड्या, मग नेव्हीने कोळशावर चालणाऱ्या, बाजूची मोठी चाकं पाण्यात फिरवत जाणाऱ्या दोन प्रवासी आगबोटी घेतल्या, वरचे मजले काढून टाकले आणि त्यावर सुमारे साडेपाचशे फुटांचा सपाट डेक ठोकला. पहिली, वुल्व्हरिन, १९४२ ला तयार झाली, दुसरी, सेबल, १९४३ ला. लढाई हजारो मैल लांब आणि ही पोरं शिकागोसमोर धूर सोडणाऱ्या आगबोटीवर उतरायची! सुमारे १७ हजार पायलट इथून पास झाले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुशही सेबलवरच. आता नवशिके म्हटल्यावर कोणी कमी स्पीडने आला, कोणाचं इंजिन बंद पडलं, करता करता शंभराच्या वर विमानं तळाला गेली. पायलट मात्र बहुतेक वाचले.

चकाचक दिसतं ते नंतरच्या मेहनतीमुळे, पण मुळात सांगाडा टिकला तो पाण्यामुळे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मीठ घातलेलं ताक रात्रभर ठेवून बघा (नका ठेवू खरं तर), सकाळी काळं पडलेलं असतं. समुद्रात विमानाच्या ॲल्युमिनियमचं तेच होतं, शिवाय स्टीलचे बोल्ट चिकटलेले असतात तिथे धातू आणखी लवकर खाल्ला जातो. मिशिगनचं पाणी गोडं, थंडगार आणि खाली अंधार, त्यामुळे काही विमानं वर आली तेव्हा टायरमधे हवा आणि इंजिनात तेल तसंच होतं. २०१३ मधे इंग्लंडजवळच्या समुद्रातून महायुद्धातलं जर्मन डॉर्निअर बॉम्बर विमान काढलं, त्याच्यावर मात्र मीठ आणि खपल्या काढायला सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचे फवारे मारत बसावं लागलं, म्हणजे लिंबू चोळण्यातलाच प्रकार.

प्रश्न: मग ज्याला सापडेल त्याने काढायचं का? आणि काढतात कसं?
– एक कॉलेजवाला, चिपळूण

उत्तर: नाही रे बाबा. बुडालं तरी ते नेव्हीचंच राहतं, २००४ पासून तसा कायदाच आहे, परवानगी नसताना हात लावायचा नाही. सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून, तळ धुंडाळतात, पाणबुडे खाली जाऊन पट्टे बांधतात, हवेच्या पिशव्या फुगवून विमान हळूहळू उचलतात आणि ओढत बंदरात आणून क्रेनने वर घेतात. २००९ मधे शिकागोच्या उत्तरेला वॉकीगनला एक हेलकॅट लढाऊ विमान असंच बाहेर आलं. घाई आहे ती क्वागा नावाच्या शिंपल्यांमुळे. बाहेरून आलेले हे बारके शिंपले आता तळाच्या विमानांवर थरच्या थर चढवतायत, म्हणजे जे पाण्याने इतकी वर्षं जपलं ते आता त्याच पाण्यात खराब होतंय.

प्रश्न: असं विमान रंगवून नवं करायचं की गंजकं ठेवायचं?
– एक निवृत्त फिटर, नाशिक

उत्तर: काका, हा प्रश्न फिटरच विचारणार! माझं मत विचाराल तर रंगवा, पण ठिगळं झाकू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममधे २१०६ नंबरचं डॉन्टलेस, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, आहे. ते पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यातून वाचलं, ४ जून १९४२ ला पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत त्याला दोनशेच्या वर गोळ्या लागल्या, एका गोळीने तर पायलटच्या गळ्यापाशी असलेल्या माइकची वायर उडवली, तरी पठ्ठ्याने एका चाकावर उतरवलं. आणि एवढं होऊन बुडालं कुठे, तर जून १९४३ मधे ट्रेनिंगमधे, मिशिगन तलावात. १९९४ ला वर काढलं, अंगावर त्या गोळ्यांच्या भोकांवर मारलेले पत्र्याचे तुकडे होतेच. नवा पत्रा ठोकून गुळगुळीत केलं असतं तर हातात काय राहिलं असतं? त्याच म्युझियममधे तलावाचा खोटा तळ करून काही विमानं सापडली तशीच मोडकी ठेवलीत, मला ती जास्त आवडतात. आपल्याकडे गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे ही आपल्या नौदलाची जुनी विमानं बाहेर उघड्यावर उभी असतात, समुद्राचा खारा वारा खात, त्यांना छप्पर मिळालं तर फार बरं होईल.

आणि सांगलीच्या आजी, पुढच्या वेळी फ्लाइट शिकागोच्या दुसऱ्या एअरपोर्टवरून असेल, ज्याला त्या लढाईवरूनच मिडवे नाव दिलंय, तर तिथे मान वर करून बघा. तलावातून काढलेलं एक डॉन्टलेस छताला टांगलंय.