गावाची तब्येत किती फुटांवर?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही नदीकाठच्या पाच गावांतली लोकं, म्हंजे ग्रामपंचायतीचे सदस्य, बचत गटाच्या बायका, शाळेचे दोन गुरुजी, आशाताई आणि एक खाजगी डॉक्टर, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं की दरवर्षी पाचही गावांची तब्येत एकाच मापानं मोजायची. पण जो तो आपली यादी घेऊन आला आणि मुद्दे झाले ४३. डॉक्टर म्हणतात बालमृत्यू दर पायजेच, सरपंचांना संडास मोजायचेत, बायका म्हणतात दारूचं बघा. दोन मीटिंगा भांडणात गेल्या. काय ठेवायचं, काय काढायचं?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. वाळवा

उत्तर : अहो सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सगळ्यांचं मिळून एक माप म्हंजे काय हे मी काय शिकवू. पावसाळ्यात आपण एकमेकाला फोन करून "आयर्विनला किती?" एवढंच विचारतो, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, हे सगळं बोलायला पण लागत नाही. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा काय झालं ते तुम्ही विसरला नसणारच. हा आकडा कलेक्टरला जो, तोच रिक्षावाल्याला आणि दूध घालणाऱ्या मावशीला. आणि मुख्य म्हंजे कितीला काय करायचं हे ज्याचं त्याला माहितीय, सांगलीत नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं इशारा पातळीची वाट बघत बसत नाहीत, त्याच्या आधीच गाद्या आणि गॅसची टाकी हलवायला लागतात.

आता तुमचे ४३ मुद्दे एकेक करून या पुलाखाली उभे करा आणि विचारा, हा आकडा वर-खाली झाला तर दुसऱ्या दिवशी कोण उठून काय करणार? माणसाचं नाव सांगता आलं नाही तर मुद्दा काढून टाका. माझा अंदाज आहे तीसेक तिथंच गळतील.

बालमृत्यू दर डॉक्टरांना का पायजे ते कळतं, सगळं जग तो बघतं, पण गाव लहान आहे हो. समजा गावात वर्षाला ५० बाळं जन्मली आणि एक दगावलं, तर दर झाला हजारी २०. पुढच्या वर्षी कुणीच नाही गेलं तर शून्य. म्हंजे गाव एका वर्षात एकदम सुधारलं का? काहीच सुधारलं नाही. पाच गावांची मिळून तीन-चार वर्षांची बेरीज केली तर त्या आकड्याला थोडाफार अर्थ येईल, तोवर बाळ गेलं तर त्याचा दर काढत बसू नका, त्या घरी जाऊन काय झालं, गाडी किती वाजता मिळाली, हे विचारा.

त्यापेक्षा पोरांचं कुपोषण बघायची दंडाची पट्टी घ्या. अंगणवाडीताईंकडं असतीय. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या डाव्या दंडाला गुंडाळायची, साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल, मधलं पिवळं. वाचता न येणाऱ्या आज्जीलापण लाल कळतं, आणि लाल आलं की पोराला दवाखान्यात न्यायचं हे ठरलेलं असतं. पुलावरच्या पट्टीसारखीच आहे की ही.

संडासाचं सांगते, सरपंचांनी रागावू नये. आपल्या तासगावच्या आबांनी, म्हंजे आर. आर. पाटलांनी, २००० साली ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान आणलं तेव्हा मी नोकरीत होते. गावं खरंच बदलली, मार्कांसाठी का होईना माणसं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. पण त्याच काळात एका गावात मी नवाकोरा संडास उघडला तर आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या, आणि घरची म्हातारी म्हणाली, "पावसात भिजत न्हाईत ओ, लई सोय झाली." कागदावर तो संडास एक नग म्हणून धरलाच होता. म्हणून किती बांधले ते मोजू नका, सकाळी पोरं कुठं जातात ते मोजा.

गोळ्यांचंही तेच. लोहाच्या गोळ्या किती वाटल्या याचा आकडा प्रत्येक रजिस्टरला भरभरून असतो, आणि तिकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय २०१५-१६ ला ४८ टक्के होता तो २०१९-२१ ला ५४ वर गेला. वाटलेली गोळी आणि पोटात गेलेली गोळी यात लई अंतर असतं. हिमोग्लोबिन बघा, बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली म्हंजे कमी. आणि ती पाहणी नमुन्याची असते, जिल्ह्यापर्यंत आकडा देते, तुमच्या गावाचा आकडा त्यात शोधू नका, तो तुम्हालाच काढायला लागणार.

पाण्यात क्लोरीन उतरलंय का बघायला ओटी टेस्ट आहेच, नळीतल्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले की पिवळा रंग आला पायजे. फक्त टाकीजवळच्या नळाला करू नका, तिथं रंग येतोच. शेवटच्या मळ्यातल्या नळाला करा. मी करायचे तेव्हा गावात छान पिवळं आणि वस्तीवर पांढरं फट्ट, मग पाणीपुरवठ्याचा पोरगा म्हणायचा, मॅडम इथवर कशाला आला.

राहिली दारू. बायकांचा मुद्दा काढू नका, माझ्या मते तो पहिला ठेवा. फक्त भर सभेत "तुमच्या घरी मारहाण होते का" असं विचारलं तर कोण हो म्हणणार? आम्ही एकदा असं केलं होतं, बचत गटाच्या बैठकीला एक मडकं ठेवलं, तोंडाला फडकं बांधून हात जाईल एवढीच फट, आणि प्रत्येकीच्या मुठीत एक ज्वारीचा दाणा नि एक हरभऱ्याचा. गेल्या महिन्यात दारूपायी घरात मारहाण झाली असंल तर हरभरा टाकायचा, नसंल तर ज्वारी, उरलेला दाणा पदरात. मडकं पालथं केलं आणि कुणी काही बोललंच नाही. ज्या बाईनं आधी "आमच्या गावात असलं काय न्हाई" म्हणून सांगितलं होतं ती खाली बसून हरभरे वेगळे करत होती, दोनदा मोजले तिनं. पुढं काय करायचं हेही ठरलेलं आहे, आडवी बाटली, म्हंजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर सरकारमान्य दुकान बंद होतं. म्हंजे कोण काय करणार, या प्रश्नाला बायकांच्या मुद्द्याकडं सगळ्यात पक्कं उत्तर आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही ती विचारते. दिवाळीच्या सुमाराला बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, चार-पाच महिने तुमच्याच शिवारात कोपी टाकून राहतात, त्यांची पोरं तुमच्या मोजणीत आहेत का? नसतील तर दंडाच्या पट्टीला पाचही गावं हिरवीगार दिसतील आणि लाल पट्टीची पोरं फडात खेळत असतील.

प्रश्न : आम्ही खटाव तालुक्यातले. आजार मोजता येतो पण माणूस सुखी आहे का हे कसं मोजणार? भूतानमध्ये म्हणे मोजतात.
– निवृत्त शिक्षक

उत्तर : मोजतात गुरुजी, त्यांचे नऊ भाग आणि ३३ निर्देशांक आहेत, वेळ कसा घालवता, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसं आहे इथपर्यंत विचारतात. तेवढं सगळं आपल्याला झेपणार नाही. सोपी म्हंजे कँट्रिल नावाच्या अमेरिकन संशोधकाची शिडी, खाली शून्य वर दहा, सगळ्यात वाईट आयुष्य ते सगळ्यात चांगलं, तुम्ही कुठल्या पायरीवर? आम्ही चित्र काढून एका आज्जींपुढं धरलं तर म्हणाल्या, "माझं गुडघं गेल्यात, मला कशाला शिडी चढवताय." मग नुसतंच विचारलं, रात्री काय झालं तर हाक मारायला कोण आहे? त्यावर मात्र त्या अर्धा तास बोलल्या, एक मुलगा पुण्याला, एक मुंबईला, शेजारचं घर कुलूपबंद.

तुमच्याकडं हाच प्रश्न घ्या असं मी म्हणेन. माणदेश-खटावातली कितीतरी घरं अशीच आहेत, गलाईच्या, म्हंजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला माणसं देशभर पांगलेली आणि गावात म्हातारी. किती जणांना हाक मारायला कुणीच नाही हा आकडा काढा. तो कमी करायला तरुण मंडळाची चार पोरं आणि एक फोन नंबर पुरतो.

प्रश्न : हे सगळे आकडे चावडीच्या फळ्यावर लावावेत का?
– आशाताई, जि. सातारा

उत्तर : गावाचा आकडा लावा, माणसाचा नको. १५० पोरींच्यात एवढ्यांचं रक्त कमी, हे चालेल. गाव लहान असतं, तीनच पोरींची वस्ती असली तर "दोघींचं कमी" लिहिल्यावरसुद्धा कोण ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मग लग्न जमवताना निघतं, अशा वस्त्या एकत्र करून लिहा. नावांची वही तुमच्याजवळच, कपाटात. सरपंचांनी मागितली तरी देऊ नका, माझं नाव सांगा.

वाळवेकरांनो, यंदा टोळ्या आल्या की पहिली मोजणी घ्या आणि आकडा मला कळवा. वाईट आला तरी कळवा, पुढच्या अंकात त्याच्यावरच बोलू.