प्रश्न तुमचे : हुक कशाला अडकवणार?

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सात मजली गृहनिर्माण संस्थेत पावसाळ्यापूर्वी बाहेरच्या भिंतींची गळती-दुरुस्ती आणि रंगकाम होणार आहे. पुढच्या बाजूला परांची बांधली जाईल, तर मागची जागा अरुंद असल्यामुळे तिथे रंगारी झुल्यावर बसून काम करतील. कंत्राटदाराकडचे ‘सेफ्टी बेल्ट’ पाहिले, तर ते नुसते कमरेचे पट्टे निघाले. संस्थेने स्वतः बेल्ट विकत घ्यायचे ठरवले आहे. कोणते घ्यावेत?
— सचिव, ठाणे

उत्तर : कमरेचे पट्टे आपण नाकारलेत हे योग्यच झाले. पडणाऱ्या माणसाचा सारा झटका अशा पट्ट्यामुळे पोटावर आणि कण्यावर येतो, शिवाय माणूस दुमडून त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत तर पडणारा माणूस झेलण्यासाठी बांधकामावर असे पट्टे वापरण्यास 1998 पासून बंदी आहे. आपल्याला खांदे, छाती आणि मांड्या धरून ठेवणारा फुल बॉडी हार्नेस लागेल. त्याची डी-रिंग (दोर जोडायची कडी) पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध असावी आणि शिवलेल्या पट्टीवर आयएस 3521 हे भारतीय किंवा ईएन 361 हे युरोपीय मानक, उत्पादनाचा महिना-वर्ष व अनुक्रमांक स्पष्ट वाचता यावा.

मात्र दुकानात जाण्याआधी स्थापत्य अभियंत्याला घेऊन गच्चीवर जा, कारण हार्नेस कितीही भारी असला तरी त्याचा हुक ज्याला अडकवला आहे तेच उपटून आले तर तो निरुपयोगी ठरतो. पाण्याचे पाइप, खिडक्यांच्या जाळ्या, डिश अँटेनाचा स्टँड आणि विटांचा कठडा ही आपल्याकडची नेहमीची ‘सोयीची’ ठिकाणे आहेत, आणि त्यांतले एकही चालणार नाही. आधाराची चाचणी युरोपीय मानकात निदान 12 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे बाराशे किलोंच्या ओढीवर घेतली जाते. अमेरिकी नियमात तर माणशी 5,000 पौंड, म्हणजे सुमारे 22 किलोन्यूटनची ताकद अपेक्षित आहे. काँक्रीटचे खांब, तुळया किंवा अभियंत्याने तपासून बसवलेले अँकर (हुक अडकवण्याच्या पक्क्या कड्या) यांखेरीज कशावरही विसंबू नका.

त्यानंतर खालची मोकळी जागा मोजा. बहुतेक जण हे मोजतच नाहीत. दोन मीटरचा लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला आधाराशी जोडणारा हुकाचा दोर, पायाच्या पातळीवर अडकवला, तर माणूस तो ताणला जाईपर्यंत सुमारे साडेतीन मीटर खाली जातो. मग लॅनयार्डमधला झटका शोषणारा भाग, शॉक ॲब्सॉर्बर, उलगडतो. हिशेब असा : लॅनयार्ड 2 मीटर, ॲब्सॉर्बरचे उलगडणे 1.75 मीटर, डी-रिंगपासून पायापर्यंत 1.5 मीटर आणि त्याखेरीज सुरक्षिततेसाठी 1 मीटर, एकूण 6.25 मीटर. इतकी जागा हुकाच्या खाली मोकळी हवी. म्हणजे पहिल्या मजल्याच्या उंचीवरून पडलेला माणूस असा हार्नेस घालूनही जमिनीवर आपटू शकतो. यासाठी हुक नेहमी डोक्याच्या वर अडकवावा.

परांचीवरच्या कामगारांना दोन शेपटांचा, रुंद तोंडाच्या हुकांचा लॅनयार्ड द्या, म्हणजे पुढे सरकताना एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकवता येतो. अर्थात परांचीही इमारतीला नीट जखडलेली हवी. सुटी परांची हा आधार नव्हे. झुल्यावरच्या रंगाऱ्यांना मात्र लांब लॅनयार्ड देऊ नका. त्यांना झुल्याच्या दोरापासून वेगळ्या आधाराला बांधलेला स्वतंत्र दोर आणि त्यावर सरकणारा, पडताच दोर घट्ट पकडणारा रोप ग्रॅब हवा, म्हणजे झुला तुटला तरी पडणे थोडक्यात थांबते. रोप ग्रॅब त्याच जाडीच्या दोरासाठी बनवलेला आहे ना, हे पाहून घ्या. दोर जिथे गच्चीच्या कडेवरून खाली उतरतो तिथे कडसंरक्षक बसवा, कारण काँक्रीटची धार ताणलेला दोर कापते.

हार्नेस नायलॉनचा असेल, तर भिंत वा टाइल्स धुण्याच्या ॲसिडपासून तो जपावा. ॲसिडने नायलॉनचा धागा आतून कमकुवत होतो आणि वरून फारसे कळत नाही. पडणे झेललेला हार्नेस आणि उलगडलेला ॲब्सॉर्बर तिथल्या तिथे कापून टाका, नाहीतर तो दुसऱ्या साइटवर पुन्हा दिसेल. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कोण आणि कसे घेणार, हेही काम सुरू होण्यापूर्वीच ठरवा. हालचाल न करता हार्नेसमध्ये लटकत राहणेही जिवावर बेतू शकते, त्यामुळे अग्निशमन दलाची वाट पाहणे ही योजना होऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या पाच मीटर उंच शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. गळणारे पत्रे बदलणाऱ्यांना हार्नेस दिला की पुरे ना?
— एक उद्योजक, इचलकरंजी

उत्तर : पुरे नाही. वरचा हिशेब लावलात तर पायाशी हुक अडकवून पाच मीटर अपुरे पडतात हे दिसेलच. शक्य असेल तर खालून, फिरत्या मंचावरून काम करून घ्या. वर चढणे अटळच असेल, तर पायाखाली फुटू शकणाऱ्या या पत्र्यांवर थेट पाय न ठेवता एकाहून अधिक पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या आधारांवर) टेकणाऱ्या रुंद फळ्या टाका आणि पत्र्यांखाली, शक्य तितक्या जवळ, सुरक्षा जाळी लावा. हार्नेस त्यांच्या जोडीला. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे धूळ बसून इतर पत्र्यांसारखेच दिसू लागतात, तेव्हा ते आधी खालून पाहून आराखड्यावर नोंदवा आणि तेवढा भाग झाकल्याखेरीज कोणालाही वर पाठवू नका.