ग्रीसमध्ये एकच बेट नीट बघायचं असेल तर कोणतं निवडावं?

डोंगर, गावं, समुद्र सगळं एकाच बेटावर हवं, सँटोरिनीची गर्दी नको आणि सोबत शाकाहारी आई-बाबा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग डोळे मिटून नाक्सोस.

सिक्लाडीस बेटांमधलं हे सगळ्यात मोठं, साधारण 430 चौ. किमी. अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून मोठ्या बोटीने पाच-साडेपाच तास लागतात. बोट बंदरात शिरते तेव्हाच पोर्तारा दिसतो, म्हणजे संगमरवराची नुसती एक प्रचंड चौकट. इ.स.पूर्व सहाव्या शतकात लिग्दामिस या सत्ताधीशाने अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, त्याचंच हे दार. त्याची सत्ता गेली आणि काम तिथेच थांबलं.

किनाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. आई-बाबांसाठी आयोस प्रोकोपिओस बरा, वाळू जाडसर आहे, अंगाला चिकटत नाही. शांतता हवी असेल तर प्लाकाच्या दक्षिण टोकाकडे चालत सुटा. मिक्री व्हिग्लाला वारा भन्नाट, तो काइटसर्फिंगवाल्यांचा अड्डा.

पण बहुतेक लोक किनाऱ्यावरच मुक्काम ठोकून परत येतात, आणि खरं नाक्सोस राहून जातं. ते आत आहे, डोंगरात. एक दिवसाआड तरी गाडी भाड्याने घ्याच. (आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.) बस आहेत, पण आतल्या गावांना मोजक्याच.

हाल्की गावात 1896 पासून चालत आलेली किट्रोनची भट्टी आहे. महाळुंगाच्या पानांपासून हे मद्य करतात. हिरवं गोड आणि सौम्य, पिवळं चांगलंच कडक. गावाभोवती ऑलिव्हच्या बागांमधून पायवाटा जातात आणि मध्येच एखादं बायझंटाइन चर्च लागतं. मोनी गावाजवळचं पानागिया द्रोसियानी चुकवू नका. ओबडधोबड दगडांचं, बाहेरून गोठा वाटावा असं. आत सातव्या शतकाच्या आसपासची भित्तिचित्रं.

आपिरांथोसच्या गल्ल्यांना संगमरवरी फरशी आहे, पाऊस पडला तर जपून. 1941 मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावचे. इथून खाली मुत्सुना बंदराकडे उतरताना रोपवेचे गंजके मनोरे दिसतात. धार लावायला, घासायला वापरतात तो एमरीचा दगड खाणींतून त्यावरून बंदरात जायचा.

उत्तरेला आपोलोनास गावाच्या वरच्या जुन्या खाणीत सुमारे साडेदहा मीटर लांबीचा पुतळा उताणा पडलाय. दाढी, खांदे, पाय नुसते ढोबळ काढलेले. अडीच हजारांहून जास्त वर्षं तसाच. तिकीट नाही, रखवालदार नाही. छिन्नीच्या खुणांवर हात फिरवता येतो. मला तर पोर्तारापेक्षा हाच जास्त आवडला.

झास हे शिखर हजार मीटरच्या जरासं वर आहे. तुम्हाला जमेल, आया मारिनाच्या बाजूने चढा. गुहेच्या बाजूची वाट घसरडी आहे. आई-बाबांना तेवढा वेळ फिलोतीच्या चौकात कॉफी घेऊन बसवा.

जेवणाची काळजी नको. नाक्सोसचे बटाटे अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेले. फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. शिवाय राजम्याहून मोठ्या पांढऱ्या दाण्यांचे गिगांतेस, उकडलेल्या रानभाज्या. 'उपासाचं' म्हणून काही दिलं तरी विचारून घ्या, त्यांच्या उपासाला माकुल-कोळंबी चालते! ग्राव्हिएरा चीज सुरेख असतं, पण काटेकोर असाल तर रेनेटची (दूध गोठवायला वापरतात ते, बहुधा वासराच्या जठरातून काढलेलं) चौकशी करा.

मे-जून किंवा सप्टेंबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, आणि फारच जोर धरला तर बोटी सोडतच नाहीत. म्हणून परतीचं विमान अथेन्सहून असेल तर आदल्या दिवशीच बेट सोडा.