मासळीतला पारा, फॉर्मेलिन आणि बर्फ

प्रश्न : पर्यावरणवाले सांगतात माशात पारा आहे, डबाबंद मासे विकणाऱ्या कंपन्या सांगतात बिनधास्त खा. सून गरोदर आहे, तिला सुरमई फार आवडते. द्यावी का? (एक वाचिका, खानापूर)

उत्तर : सुरमई बाळंतपण आणि अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांबवा, मासे मात्र थांबवू नका.

अमेरिकन सरकारने २००४ साली गरोदर बायकांना शार्क, तलवार मासा, टाइलफिश आणि किंग मॅकरेल वर्ज्य सांगितले. आपली सुरमई त्या किंग मॅकरेलच्याच वंशातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने ट्यूनाच्या डब्यावर पाऱ्याचा इशारा छापावा म्हणून कंपन्यांवर खटला भरला. २००६ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. त्यांचा एक मुद्दा होता की समुद्रात हा पारा निसर्गतःच असतो. पण कोळसा जाळल्यानेही पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, आणि लहान मासा मोठ्याच्या पोटात जाताना तो साठत जातो. म्हणून मोरी (शार्क), कुपा (ट्यूना), मोठी सुरमई यांच्यात जास्त. तारली, बांगडा, कोळंबी यांच्यात कमी. भीतीने सगळेच मासे सोडले तर बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ तुटतं, हे कंपन्यांचं म्हणणं मात्र खरं आहे.

हिशेब असा. जागतिक तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. साठ किलोच्या बाईला ९६. माशात किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम असतील तर १९२ ग्रॅममध्येच मर्यादा भरते, म्हणजे सुरमईच्या जेमतेम दोन तुकड्या. तेच प्रमाण ५० असेल तर जवळजवळ दोन किलो मासे लागतील. सुनेला आठवड्यातून दोनतीनदा तारली, बांगडा किंवा कोळंबी द्या. कटला, रोहूही चालतील.

प्रश्न : गोव्याहून येणाऱ्या मासळीवर फॉर्मेलिन असतं का? ओळखायचं कसं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन आढळलं. नंतर प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं गेलं आणि लोक संतापले. गोवा सरकारने परराज्यातली मासळी पंधरा दिवस बंद केली. घोळाचं एक कारण शास्त्रीय आहे : फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, आणि माशात मेल्यावर थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं, बोंबलात तर बरंच. पण खाद्यपदार्थ टिकवायला ते घालण्याची परवानगी अजिबात नाही, आणि ते कर्करोगकारक आहे.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने चाचणीचं किट काढलंय. कागदी पट्टी माशावर घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, आलेला रंग किटमधल्या रंगपट्टीशी जुळवायचा. किट नसेल तर कल्ले उघडा. डोळे खोल गेलेत, कल्ले फिके पडलेत, तरी मांस रबरासारखं ताठ आणि माशाचा वासच नाही, असा मासा परत ठेवा.

आमच्या मते या सगळ्या भांडणात बर्फ विसरला जातो. चोर्ल्याचा घाट चढून येणाऱ्या मासळीला वजनाइतकाच बर्फ हवा, आणि तो थरांमध्ये. नुसता वरून पसरलेला चालत नाही. बांगडा, कुपा उन्हात तापले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. हे शिजवूनही जात नाही. म्हणून बांगडा घेताना बोटाने पोटाशी दाबा : खड्डा राहिला किंवा पोट फुटलेलं असलं तर घेऊ नका. घरी येईपर्यंत पिशवीत बर्फ राहू द्या.

प्रश्न : हळद, मीठ, चिंच लावून पारा निघतो का? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : नाही. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तळल्यावर पाणी उडून उलट दर ग्रॅमला प्रमाण किंचित वाढतं. चिंच आणि आमसुलाने जातो तो फक्त हिवस वास.